बिनखिळ्याची पेटी

वैशाख तापला की आमच्या बदनापूरच्या घरातलं लाकूड बोलायला लागतं. दुपारची जेवणं झालेली असतात, पंखा गरम हवाच इकडून तिकडं ढकलत असतो, आणि एकदम स्वयंपाकघराची चौकट कट्ट करते. थोड्या वेळानं कपाट. मग दिवाण. लाकडातला उरलासुरला ओलावा जातो, ते आकसतं, त्याचा हा आवाज. सुमन, माझी बायको, लग्न होऊन आली तेव्हा दचकायची. आता डोळेसुद्धा उघडत नाही. "तुमच्या ओळखीचं हाय ते, तुम्हीच बोला त्याच्यासंगं," म्हणते आणि कूस बदलते.

यंदा पहिल्यांदा चौकट वाजली तेव्हा मी जागाच होतो. आजकाल दुपारी झोपही लागत नाही आणि धड जागंही राहवत नाही. साठी उलटल्यावर थकवा पाहुण्यासारखा येऊन जात नाही, भाडेकरूसारखा राहतो, आणि खोली काही सोडत नाही. तसाच पडल्या पडल्या मला आष्टीचा उन्हाळा आठवला. फार जुना नाही, दोन-तीन वर्षांमागचा. जिभेवर कडुलिंबाच्या भुशाची चव आली. खरंच आली. मी उठलो आणि माठातलं पाणी प्यालो.

त्या उन्हाळ्यात मी आष्टीच्या घरी बसून एक पेटी करत होतो. घरच्या देवांसाठी, हातानं, एकही खिळा न मारता. पेटी झाली की देव माधवदादाकडे संभाजीनगरला जाणार होते, आष्टीच्या घराला कुलूप लागणार होतं, आणि अक्काला कुठं ठेवायचं हे ठरवावं लागणार होतं. देवांचं ठरलं होतं. घराचं ठरलं होतं. अक्काचं कुणी तोंडातून काढत नव्हतं. तेव्हा पेटी जितकी लांबेल तितकं बरं, असं मला वाटायचं, आणि मी ती चांगली लांबवली.

अक्का आम्हा भावंडांत थोरली, मग माधवदादा, मग मी. अक्काचं लग्न तीर्थपुरीला झालं आणि वर्ष व्हायच्या आत ती पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. त्यानंतर आष्टीतून ती हलली नाही. वडलांचं शेवटपर्यंत तिनं केलं, शेतावरचे गडी तिनं सांभाळले, सकाळ-संध्याकाळ देवांपुढं दिवा तिनं लावला. आम्ही दोघं भाऊ सणाला जायचो, पुरणपोळी खायचो, पिशव्या भरून घ्यायचो आणि यायचो. त्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर धरून ओसरीपुरती फिरायला लागली, पण एकटीनं राहणं संपलं ते संपलंच.

आता देवांचं. आमच्याकडे घरचे देव थोरल्या मुलाकडे जातात. लेकीकडे जात नाहीत. अक्कानं उभा जन्म त्या चांदीच्या टाकांना आंघोळ घातली, चिंचेनं घासले, कुंकू लावलं, तरी ते देव तिचे नव्हेत. तिचे देव म्हणजे तिच्या सासरचे, तीर्थपुरीचे, जिथं तिला आता कुणी ओळखतही नाही. हे आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक, त्यामुळं कुणी त्यावर वेगळं बोलत नव्हतं. अक्कासुद्धा नाही.

दादाचा फोन आला तेव्हा तो आधी देवांविषयीच बोलला. "बापू, तुला सुतारकाम येतं. पेटी तूच कर. खिळा मारू नको बरं का. वडील काय सांगायचे, आपले देव लोखंडात बसून जात न्हाईत."

"आन् अक्का?" मी म्हणालो.

"आधी देवाचं बघू. मंग बघू."

दादा काही वाईट माणूस नाही. त्याची स्वतःची छाती उघडून झालेली, घर वरच्या मजल्यावर, मुलगा-सून दोघं नोकरीला. मी त्याला काय म्हणणार? माझ्या घरीच कुठं सरळ होतं.

सुमननं मला भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं. "तुम्ही जा आष्टीला. पेटी करा, अक्काचंबी करा, उन्हाळाभर राहा. माझं काही म्हणणं न्हाई. पण त्यांना हिकडं आणायचं म्हणून मला इचारू नका. माझ्यात जेवढं होतं तेवढं मी तुमच्या आईला दिलं. आता मागू नका." आई आमच्याकडे किती तरी वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या वर्षांत सुमननं माहेरची लग्नंसुद्धा चुकवली. मी खाली मान घालून जेवलो आणि दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी घेऊन निघालो.

आष्टीला जाताना परतूरच्या पुढं रस्त्याच्या कडेच्या मोसंबीच्या बागा सुकलेल्या दिसत होत्या. काहींना टँकरनं पाणी चाललं होतं. बसमधला लोखंडी दांडा इतका तापलेला की धरवत नव्हता. मी तरुणपणी आयटीआयला सुतारकाम शिकलो आणि सगळी नोकरी बसच्या आगारात काढली, सीटा आणि तळाच्या फळ्या बसवत. त्यामुळं बसमध्ये चढलो की अजूनही आधी बुडाखालची सीट चाचपतो. त्या दिवशीची सीट खुळखुळत होती.

लाकूड घरचंच होतं. शेतातला जुना लिंब वादळात पडला, तेव्हा वडलांनी तो चिरून आणून फळ्या माळ्यावर टाकल्या होत्या. मागच्या खोलीला दार करायचं म्हणून. दार काही झालं नाही. फळ्या मात्र वाळून हाडासारख्या झाल्या होत्या. मी धूळ झटकत त्या खाली घेतल्या तेव्हा अक्का बाजेवरून म्हणाली, "बरं झालं. ह्या तरी उतरल्या खाली."

लिंबावर रंधा चालवून बघा कधी. सुरुवातीला झकास वाटतं, लालसर छिलक्यांच्या गुंडाळ्या पायाशी पडत राहतात. मग भुसा घशात जातो. त्यानंतर चहा कडू, भाकरी कडू, ठेचासुद्धा कडू. मी थू थू करत बसायचो. अक्काला मजा वाटायची. "कडू हाय म्हणून तर कीड लागत न्हाई त्याला. मला बघ की." असं स्वतःवर बोलून ती स्वतःच हसायची, आणि हसताना खुबा दुखला की "आई गं" म्हणायची.

लोखंडाच्या नियमावर तिनं मला पहिल्याच दिवशी धरलं. "देवाच्या पेटीला लोखंड चालत न्हाई म्हणतोस, मंग ही करवत कशाची, सोन्याची?"

"ती कापून बाजूला होती अक्का. पेटीत राहत न्हाई."

"आन् माधवची गाडी?"

नियम कुणी घातला, का घातला, ते आम्हाला ठाऊक नाही. वडील पाळायचे म्हणून आम्ही पाळतो. बिजागरीसुद्धा नको म्हणून झाकण सरकतं करायचं ठरवलं, खाचेतून पुढं-मागं होणारं.

बिनखिळ्याच्या पेटीचा सगळा जीव तिच्या कोपऱ्यांत असतो. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे दात कापायचे, बुडाशी निमुळते आणि टोकाला पसरट. दुसऱ्या फळीत त्याच मापाच्या खाचा. दात वरून ठोकून खाचेत बसवला की मग कितीही ओढा, तो पुढं निघत नाही. आयटीआयचे सर त्याला डव्हटेल म्हणायचे, आम्ही सगळे डबटेल म्हणायचो, आणि अक्का एकदा बघून शेपट्या म्हणायला लागली. आमच्या घरात तेच नाव राहिलं.

करवत रेघेवर चालवायची नसते. रेघेला लागून, टाकून द्यायच्या बाजूनं चालवायची असते. काप झाल्यावर रेघ दिसत राहिली पाहिजे. करवतीनं रेघ खाल्ली की दात तेवढा बारीक झाला आणि सांधा सैल. मला हे पाठ होतं, पण पाठ असून काय उपयोग? आगारात जन्मभर मी स्क्रू आवळले. तिथं थोडं इकडंतिकडं झालं तर स्क्रू ओढून घेतो, वरून रंग मारला की संपलं. हाताला तीच सवय. मोठ्या ऐटीत पहिला कोपरा कापला, जोडून पाहिला, आणि तो म्हाताऱ्याच्या दाढेसारखा हलला.

असा बिघडलेला सांधा दुरुस्त होत नसतो. फळीचं टोक सरळ कापून टाकायचं आणि पुन्हा आखायचं. म्हणजे दर चुकीला पेटी आखूड. मी चुकलो, टोक कापलं. पुन्हा चुकलो, पुन्हा कापलं. अक्का बाजेवरून प्रत्येक तुकडा पडताना बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बापू, देव बसवायचेत का मुंगळे?"

मी चिडलो. म्हणालो, "तू कर मंग." तर म्हणाली, "मला करवत दिली असती तुझ्या वयाला, तर मी पलंग केला असता." आणि खरंच केला असता, इतकी ती बाई चिवट.

सकाळी गार असेपर्यंत काम व्हायचं. नंतर वरचे पत्रे तापायला लागायचे, त्यांचा टिकटिक आवाज सुरू व्हायचा, आणि ओसरीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मी करवत ठेवून तिला आंघोळीला नेऊन बसवायचो, कपडे दाराबाहेर धरून उभा राहायचो. साठीतला भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली बहीण. आधी दोघांनाही लाज वाटली. मग तीच म्हणाली, "लहानपणी तुझं सगळं मीच धुतलंय. आता तुझी बारी." टँकर आला की गल्ली पळायची, मीही हंडे घेऊन पळायचो. परतून आलो की कंबर धरून बसायचो आणि ती मला वाळ्याच्या पंख्यानं वारा घालायची, जागेवरूनच.

लगीनसराई होती. वरात गेली की डीजेनं फळीवरचा भुसासुद्धा थरथरायचा. अक्का वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जायची, नवरी बघायला. परत आली की तिचा निकाल ठरलेला असायचा. "ही लई रडून राह्यली." किंवा, "ही काही रडत न्हाई बाबा. हिचं बरं होईल." ती स्वतः रडली होती का, हे मी विचारलं नाही. मला तिचं लग्न आठवत नाही, इतका मी लहान.

शेजारच्या काकू दुपारी यायच्या. रोज एकच प्रश्न. "मंग, कधी हलवायचं म्हणता?"

"कोणाला?" अक्का म्हणायची. "देवाला का मला?"

काकू ओशाळून पदर सारखा करायच्या. आपल्याकडे देव हलवतात, बिऱ्हाड हलवतात, दवाखान्यात पेशंट हलवतात. शब्द एकच. त्या उन्हाळ्याआधी मला त्यात काही खटकलं नव्हतं. नंतर दादाच्या फोनवर तो शब्द ऐकला की माझ्या कानाला लागायला लागला. "हलवायच्या आधी कळव," तो म्हणायचा, आणि मी "हो, हो" करायचो. कोणाला ते विचारायचा धीर मला होत नव्हता.

पूजा अक्का खुर्चीवर बसून करायची. मी देव ताम्हनात काढून तिच्या मांडीवर द्यायचो. ती एकेका टाकाला पाणी घालायची आणि त्यांच्याशी बोलायची, मोठ्यानं, मी आहे की नाही याची फिकीर न करता. "आता तुम्ही शहरात जाणार. तिथं लिफ्ट हाय म्हणं. घाबरू नका. माधवची सून मोबाईल बघत पूजा करंल, राग धरू नका. पोरीला काम असतं." असं सगळं ती त्यांना समजावून सांगायची, लेकरं मामाच्या गावाला पाठवताना सांगतात तसं. मी करवत थांबवून ऐकत राहायचो. मग मी उगाच रंधा जोरानं मारायचो.

संध्याकाळी हात धुऊन बसलो की मनगट ठणकायचं, खांदे भरून यायचे. पण त्या थकव्याचं मला वाईट वाटायचं नाही. तो दाखवता येत होता. ही बघा फळी, हे बघा दात. तेव्हा मला सुमनचा थकवा आठवायचा, त्याला दाखवायला काहीच नव्हतं. आईला उठवून बसवलं, पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं, चादर बदलली. संध्याकाळी सगळं सकाळी होतं तसंच. आई गेली तेव्हा आलेले लोक म्हणाले, सुटली बिचारी. म्हणजे आई. सुमन भिंतीला टेकून बसली होती, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. मीही लोकांना चहा देत होतो.

हळूहळू हाताला जुनं आठवलं. रेघ दिसत राहायला लागली. एक कोपरा जमला, मग दुसरा, मग तिसरा. चांगला बसणारा सांधा ठोकताना आवाजावरून कळतो. आधी ठक ठक वाजतो, आणि पूर्ण खाली गेला की एकदम ठप्प. तिसऱ्या कोपऱ्याला तो ठप्प ऐकला आणि मी हातोडी खाली ठेवली. आता एकच राहिला होता.

मग मी खाचा कोरायच्या पटाशीला धार लावायला बसलो. सकाळी धार, दुपारी धार. दगडावर तेल टाकायचं, घासायचं, नखावर लावून बघायचं, पुन्हा घासायचं. गेल्या जन्मी मी न्हावी असेन असं कुणाला वाटलं असतं. अक्का बघत होती. तिला लाकडातलं काही कळत नाही, पण मला ती पाळण्यापासून ओळखते.

"बापू," ती म्हणाली, "त्या पटाशीची सुई व्हायची वेळ आली."

"धार नसली तर लाकूड फाटतं."

"तू मुद्दाम करून राह्यला. मला कुठं टाकायचं ते तुम्हाला ठरंना, म्हणून ती पेटी होईना. मला कळत न्हाई का?"

मी दगडावरचं तेल पुसत राहिलो.

"सुमनला बोल लावू नको," ती म्हणाली. "तिनं लई केलंय. मी बघितलंय. मी तिच्या जागी असते तर कवाच पळून गेले असते. माधवनं आश्रम बघून ठेवलाय, ते बी मला माहीत हाय. दवाखान्यात तुझी वहिनी फोनवर बोलत होती, तिला वाटलं मी झोपले. कर ती पेटी पुरी. मी काय देव न्हाई रे. मला खिळ्याच्या पेटीत घालून नेलं तरी चालतंय."

मला रडू कोसळलं. एवढा बाप्या माणूस, पुढ्यात भुसा, हातात पटाशी, आणि मी हुंदके देऊन रडलो. अक्का वॉकरवर हात ठेवून शांत बसली होती. तिनं मला थांबवलं नाही की जवळ घेतलं नाही. माझं आटोपल्यावर म्हणाली, "झालं? मंग चहा टाक. दूध वर झाकलंय."

शेवटचा कोपरा दुसऱ्या दिवशी सकाळीच झाला. पहिल्या फटक्यात, बिलकुल बराबर. इतका चांगला सांधा मी आयुष्यात कापला नव्हता आणि पुढं कापेन असं वाटत नाही. मला त्याचा रागच आला.

देव नेण्याचा दिवस ठरला. दादा आणि वहिनी गाडी घेऊन आले. सुमन बसनं आली, बदनापूरहून जालना, जालन्याहून आष्टी, घामानं निथळत. देव घराबाहेर पडताना घरच्या सुनांनी त्यांची ओटी भरायची असते, तेवढ्यासाठी. आल्या आल्या माझ्या कानाशी म्हणाली, "ओटी भरून मी संध्याकाळच्या गाडीनं परत." मी मान हलवली.

पेटी सगळ्यांनी उचलून पाहिली. दादा कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "वा रे बापू." वहिनी म्हणाल्या, "छोटी झाली का थोडी?" अक्का म्हणाली, "चुकत चुकत झालीय. तेवढीच राह्यली."

लाल कापड अंथरून अक्कानं एकेक टाक आत ठेवला. खंडोबा, देवी, पितरांचे टाक. झाकण सरकवलं आणि देव्हारा रिकामा झाला. रिकामा म्हणजे, मागच्या कोपऱ्यात एक राहिली होती. पितळेची अन्नपूर्णा, बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली, घासून घासून नाक-डोळे पुसट झालेली.

"अगंबाई, ही राहिली की," वहिनी म्हणाल्या आणि झाकण उघडायला वाकल्या.

"ती ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली. "ती तुमची न्हाई. माझ्या लग्नात मला दिलेली. सासरी नेली तशी परत आणली." आपल्याकडे लेकीला लग्नात अन्नपूर्णा देतात, ती तिची स्वतःची. इतकी वर्षं ती आमच्या देवांत उभी होती, आणि ती वेगळी आहे हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

"मग हिला कुठं ठेवायचं?" वहिनींनी विचारलं. वाईट हेतूनं नाही, सहज. पण विचारलं. दादा गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "अक्का, मी एक आश्रम बघितलाय. स्वच्छ हाय. डॉक्टर येतो, जेवण बराबर मिळतं. आपण एकदा नुसतं बघून येऊ. तिथं ठेवता येते मूर्ती, मी इचारलंय."

अक्का म्हणाली, "बरं."

एवढंच. ती भांडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. मी बोलायला तोंड उघडलं, सुमनकडं पाहिलं आणि मिटलं. तिला विचारायचं नाही असं माझं ठरलेलं होतं.

सुमन दाराला टेकून उभी होती. ती पुढं आली, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा उचलली आणि आपल्या रुमालात गुंडाळली. "कोणती लुगडी घ्यायची ते सांगा अक्का," ती म्हणाली. आवाज चिडका होता. "मी एकदाच सामान भरीन. दोन बाऱ्या न्हाई."

"सुमन, तू कशाला," दादा म्हणाला.

"कशाला म्हणजे? मला हौस न्हाई भावजी. मला होत न्हाई आता, माझी पाठ गेलीय, हे मी ह्यांना कवाच सांगितलंय. पण देवाला मऊ कापडावर बसवून गाडीत न्यायचं, आन् माणसाला म्हणायचं बघून येऊ, हे माझ्यानं बघवत न्हाई. बघवत न्हाई म्हणजे न्हाई." मग ती माझ्याकडे वळली. "आन् तुम्ही. आंघोळ तुम्ही घालायची, इथं घालता तशीच. रात्रीचं उठणं तुमचं. मी फक्त भाकरी टाकीन. कबूल?"

मी कबूल म्हणालो. अक्का तिच्याकडे बघत होती, काहीतरी बोलणार होती, पण सुमन तोवर आत गेली होती आणि ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

हे सगळं गोड गोड वाटायला नको म्हणून सांगतो. गोड काही नाही. अक्का आमच्याकडे आल्यापासून घरात रोज काहीतरी असतं. भाजीत मीठ, पंख्याचा नंबर, आंघोळीचं पाणी किती कढत. दोघी तिखट. सुमन दुपारी पायरीवर जाऊन बसते आणि म्हणते, "थकले ओ मी." भाकरीपुरतंच म्हणाली होती, पण तेवढ्यावर कोण थांबतं? अक्काचे पाय चेपून देतानाही मी तिला पाहिलंय, तोंड वाकडं करून. मी स्वतः दोनदा उठतो रात्री, आणि कधी कधी अंथरुणावर परत पडताना त्या आश्रमाचा विचार मनात येऊन जातो. येतो. खोटं कशाला बोलू?

देव दादाकडे मजेत आहेत. वहिनींनी संगमरवरी देवघर आणलंय, आत बारीक दिवे आहेत. पेटीत दादा-वहिनी मोबाइलचे चार्जर ठेवतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा पाहिलं. झाकण गुळगुळीत सरकतं अजून. राग यायला पाहिजे होता, पण लिफ्ट बंद होती, जिना चढून इतका दमलो होतो की आधी पाणी मागितलं.

अक्का मात्र इतके दिवस झाले तरी पाहुणीच होती. "तुमच्याकडचं पाणी जड हाय." "तुमच्याकडं मच्छर लई." "तुमच्याकडं चहात साखर कमी टाकतेत." ती 'आमच्याकडं' म्हणाली की ते आष्टीचं, कुलूप लागलेलं. सुमनला हे फार लागायचं. मला म्हणायची, "एवढं करून तुमच्याकडंच का?"

परवा दादाचा फोन आला. स्पीकरवर टाकून मी अक्काच्या उशाशी ठेवला. आत सुमन गॅसवर कुरडयांचा चीक घोटत होती, घरभर त्याचा आंबूस वास सुटला होता, आणि उन्हानं अंगण पांढरं पडलं होतं. दादा चांगल्या मनानंच म्हणाला, "अक्का, महिनाभर हिकडं ये. एसी लावलाय. सुमनलाबी जरा आराम."

अक्कानं फोनकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. म्हणाली, "न्हाई रे माधव. आत्ता कसं जमंल? आमच्याकडं कुरडया चालू हायत. सुमनला एकटीला होत न्हाई."

आतलं घोटणं थांबलं. मग सुमन आतूनच ओरडली, "मंग बसल्या काय तिथं? या की हिकडं, सोऱ्या कोण धरील?"